गोळी लपवण्याची पाळी येऊ नये

बेंगळूरच्या बनशंकरी भागात राहणाऱ्या आमच्या रेल्वे आणि टपाल खात्यातील मराठी सभासदांनी एक ठराव करून आमच्याकडे पाठवला आहे. ठराव चार ओळींचा आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा कायमच्या आजारावर रोज औषध घेणाऱ्या कामगाराला आपला आजार खात्याच्या डॉक्टरला निर्धास्तपणे सांगता यावा, सांगितले म्हणून त्याच्या पोटावर पाय येऊ नये आणि यासाठी संघटनेने प्रशासनाशी बोलणी करावीत, एवढीच मागणी त्यात आहे. पगार, बोनस, जुनी पेन्शन, रिक्त जागा या प्रश्नांच्या गर्दीत असा ठराव फायलीत पडून राहण्याची भीती असते. आम्हाला मात्र तो पहिल्या पानावर घेण्यासारखा वाटतो, म्हणून या अंकाचा अग्रलेख त्यालाच देत आहोत.

बनशंकरीच्या सभासदांनी हा प्रश्न उचलला याचे आम्हाला नवल वाटत नाही. सदर्न मराठा रेल्वेच्या दिवसांपासून मिरज, बेळगाव, हुबळी या मार्गावरची मराठी माणसे दक्षिणेत नोकरीला गेली. पुढे झोनच्या पाट्या बदलल्या. १९५१ मध्ये सदर्न, १९६६ मध्ये साउथ सेंट्रल आणि २००३ पासून हुबळीला मुख्यालय असलेला साउथ वेस्टर्न झाला. माणसे तिथेच राहिली, मुले तिथेच शिकली आणि आता त्यांतले बरेचजण पन्नाशीच्या घरात आहेत. बनशंकरीहून मॅजेस्टिकला जाणारी मेट्रो २०१७ पासून सुरू आहे, पण रात्री दोनच्या कॉलला मेट्रो नसते. लोको पायलट स्कूटर काढतो, लॉबीत साइन ऑन करतो, गाडी घेऊन निघतो. डॉक्टरने कागदावर लिहिलेले असते, 'गोळी सकाळी जेवणाआधी, रात्री जेवणानंतर.' ज्याची सकाळ आज मध्यरात्री आणि उद्या दुपारी उजाडते, त्याने कोणते जेवण धरायचे? या साध्या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणी देत नाही, आणि विचारायला जावे तर आपण आजारी आहोत हे उघड होते.

आजार काही चार-दोन माणसांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेला इंडियाब हा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि प्रौढांमध्ये रक्तदाबाच्या विकाराचे प्रमाण ३५.५ टक्के आहे. रेल्वे आणि टपाल ही याच देशातली खाती आहेत. रात्रपाळी, अवेळी जेवण, अपुरी झोप आणि वरिष्ठांचा ताण ही भर आमच्याकडे वेगळीच. तेव्हा शंभर माणसांच्या लॉबीत किंवा सॉर्टिंग ऑफिसात गोळ्या घेणारे किती असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

नियम का आहेत

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. वैद्यकीय तपासणीचे नियम कडक आहेत याला आमचा विरोध नाही. ज्या माणसाच्या हातात हजार-दीड हजार प्रवाशांचा जीव असतो, त्याचे डोळे आणि शुद्ध शाबूत असलीच पाहिजे. त्या गाडीत आमचीच बायका-मुले बसतात. त्या रुळावर आमचाच ट्रॅक मेंटेनर हातोडा घेऊन उभा असतो. म्हणूनच रेल्वेने कामाप्रमाणे वैद्यकीय श्रेणी केल्या आहेत. लोको पायलट ए-१, स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समन यांसारखे ए-२, त्यानंतर ए-३, रुळावरचे आणि कारखान्यातले कामगार बी, आणि कचेरीतले सी. ए श्रेणीची नियतकालिक तपासणी, जिला आपण सगळे पीएमई म्हणतो, ती पंचेचाळिशीपर्यंत काही वर्षांच्या अंतराने, पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. वय वाढते तशी तपासणी जवळ येते, हे शास्त्राला धरून आहे.

मधुमेहाच्या काही औषधांनी, विशेषतः इन्सुलिनने आणि ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या जातीच्या गोळ्यांनी, पोटात अन्न नसेल तर रक्तातली साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो. मेटफॉर्मिन एकटे घेतले तर हा धोका फार कमी असतो. डॉक्टर ए श्रेणीतल्या माणसाच्या औषधाबद्दल काटेकोर असतात त्यामागे हे कारण आहे. हे कारण कामगाराला कोणी समजावून सांगत नाही. त्याला दिसतो तो फक्त शिक्का, फिट की अनफिट.

लपवाछपवी कशी होते

अनफिटचा शिक्का बसला तर काय जाते, हे रनिंग स्टाफला विचारा. मायलेज बंद होते. पगार निश्चित करताना मूळ पगारात ३० टक्के धरले जातात हे खरे, पण ज्याचे घर प्रत्यक्ष मायलेजवर चालते त्याची महिन्याची ओढाताण त्याने भागत नाही. नवीन जागा कुठल्या गावी मिळेल सांगता येत नाही. पंचवीस वर्षे गाडी चालवलेला माणूस कुठल्याशा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवला जातो आणि कालचा असिस्टंट त्याच्याकडे कणवेने पाहतो. कॉलेजात शिकणारा मुलगा, घराचे कर्ज, लग्नाची मुलगी हे सगळे त्या एका शिक्क्यावर टांगलेले असते.

मग माणूस खात्याच्या दवाखान्यात जातच नाही. घराजवळच्या खाजगी डॉक्टरकडे जातो, स्वतःच्या पैशाने गोळ्या घेतो आणि पट्टी कागदात गुंडाळून लाइन बॉक्सच्या तळाशी ठेवतो. असिस्टंटलाही सांगत नाही. पीएमईची तारीख आली की चार दिवस भात सोडतो, उपाशी राहतो आणि गोळी दुप्पट करतो. असे करणारे आम्हाला ठाऊक आहेत. त्यांची नावे आम्ही कधीही सांगणार नाही. पण त्यांना दोन गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली, ही युक्ती आता चालत नाही. एचबीए१सी नावाची रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवते. चार दिवसांच्या उपासाने ती फसत नाही. दुसरी, ही युक्ती जिवावर बेतणारी आहे. उपाशीपोटी दुप्पट गोळी घेऊन तपासणीच्या रांगेत उभा राहणारा माणूस तिथेच कोसळू शकतो, आणि तपासणीनंतर लगेच ड्यूटीवर गेला तर त्याच्याबरोबर गाडीही संकटात येते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण घरच्या अब्रूला लागू असेल, आजाराला नाही.

लपवलेल्या किंवा दुर्लक्षिलेल्या आजाराने काय होते याचे दाखले जगात आहेत. २४ जून २०१२ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात गुडवेल या गावाजवळ युनियन पॅसिफिक कंपनीच्या दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या. तीन रेल्वे कर्मचारी ठार झाले. चौकशीत निघाले की, एका चालकाला काचबिंदू आणि मोतीबिंदू होता आणि सिग्नल नीट दिसत नव्हते. चौकशी मंडळाने कंपनीच्या वैद्यकीय तपासणीच्या पद्धतीलाही दोष दिला, कारण त्याची दृष्टी खालावत असताना त्या पद्धतीने त्याला वेळेत बाजूला काढले नाही. २२ डिसेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात नगरपालिकेच्या कचरागाडीचा चालक बेशुद्ध पडला आणि नाताळच्या खरेदीला आलेली सहा माणसे चिरडली गेली. त्याला पूर्वीही चाकावर असताना भोवळ आली होती आणि नोकरीसाठी त्याने ती दडवली होती. एका ठिकाणी तपासणी नावापुरती, दुसऱ्या ठिकाणी माणसाने सत्य सांगितले नाही. परिणाम दोन्हीकडे एकच.

नुसत्या फतव्याने काय साधते

प्रशासनाचा पहिला विचार नेहमी मनाईचा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सदर्न रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने एक हुकूम काढला. ड्यूटीपूर्वीच्या श्वासचाचणीत मद्याचा अंश दिसतो म्हणून लोको पायलटांनी होमिओपॅथीची औषधे, खोकल्याची औषधे, शीतपेये, शहाळे, काही जातीची केळी आणि माउथवॉश यांपासून दूर राहावे, असे त्यात म्हटले होते. औषध घ्यायचेच असेल तर रेल्वे डॉक्टरची परवानगी घ्यावी लागणार होती. केरळात शहाळे पिऊ नका म्हणणे म्हणजे कोल्हापुरात तांबडा रस्सा बंद करण्यासारखे झाले. देशभर हसू झाले आणि थोड्याच दिवसांत हुकूम मागे घेण्यात आला.

यात हसण्यापलीकडचे काही आहे. यंत्र चुकते की माणूस, हे रक्ततपासणीने ठरवता येते. काही पातळ औषधांत आणि होमिओपॅथीच्या अर्कांत मद्यार्क असतो हे खरे, आणि चालकाला त्याची माहिती द्यायलाच हवी. पण शंका आली की औषधच बंद करा, ही पद्धत चुकीची आहे. माणसाने औषध सोडले तर आजार सोडत नाही. आणि परवानगीची वाट लांबची असेल तर माणूस परवानगी न घेता औषध घेतो.

दुसरे उदाहरण जेवणाचे. एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने असे कळवले की, लोको पायलटांना जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी ड्यूटीत ठरावीक विश्रांती देणारा नियम करणे व्यवहार्य नाही. आता हे तपासणीच्या नियमांशेजारी ठेवून पाहा. एक हात सांगतो, साखर आटोक्यात ठेवा नाहीतर श्रेणी जाईल. दुसरा हात सांगतो, वेळेवर खायला सवड मिळणार नाही. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी लघवी वाढते त्या घेणाऱ्या माणसाने काय करावे? तो गोळी टाळतो किंवा पाणी टाळतो. दोन्हींनी नुकसान त्याचेच होते. स्त्री लोको पायलटांची अडचण याहून मोठी. देशातील पहिल्या स्त्री लोको पायलट, साताऱ्याच्या सुरेखा यादव, ३६ वर्षांच्या सेवेनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. इतक्या वर्षांत प्रत्येक इंजिनात शौचालयाची सोय होऊ शकली नाही. तंदुरुस्तीची अपेक्षा कामगाराकडून करायची आणि तंदुरुस्त राहण्याची सोय मात्र करायची नाही, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

दुसरी वाट आहे

सुरक्षितता आणि औषध एकत्र नांदू शकतात हे इतरांनी करून दाखवले आहे. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्याला मोठी लॉरी किंवा बस चालवण्याचा परवाना पूर्वी मिळत नसे. नोव्हेंबर २०११ पासून प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करून तो मिळू लागला. अट अशी की, चालकाने रोज ठरल्या वेळी साखर मोजावी, यंत्रातल्या नोंदी दाखवाव्यात आणि दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. अमेरिकेत २०१८ मध्ये व्यापारी वाहनांच्या चालकांसाठी तसाच बदल झाला. उपचार करणाऱ्या डॉक्टरचा दाखला आणि तीन महिन्यांच्या साखरेच्या नोंदी असतील तर इन्सुलिनमुळे आपोआप बाद करायचे नाही, असे ठरले. हे रस्त्यावरच्या वाहनांचे नियम आहेत, रेल्वेला ते जसेच्या तसे लावा असे आम्ही म्हणत नाही. त्यातले तत्त्व घ्यावे. आजाराच्या नावावर निकाल देऊ नये, माणसाच्या प्रकृतीवर द्यावा. असे झाले की नोंदी ठेवण्यात कामगाराचा फायदा असतो आणि लपवण्यात तोटा. आज आपल्याकडे नेमके उलटे आहे.

हे तत्त्व आपल्या न्यायालयांनाही परके नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या खटल्यात एका सार्वजनिक महामंडळातल्या हंगामी कामगाराला न्याय दिला. एचआयव्हीची लागण आढळली म्हणून त्याचे नाव यादीतून काढले होते. काम करण्यास माणूस समर्थ असेल आणि त्याच्यापासून इतरांना मोठा धोका नसेल, तर केवळ आजाराच्या नावावर त्याची रोजी काढता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढे एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. मुंबईच्या एका हंगामी कामगाराने ती लढत वीस वर्षे आधी दिली होती, हे विसरू नये.

श्रेणी गेली तरी नोकरी जात नाही

आमच्या सभासदांच्या मनात अजून जुनी भीती आहे की, श्रेणी गेली म्हणजे घरी बसावे लागणार. एके काळी रजा संपेपर्यंत पर्यायी जागा मिळाली नाही तर खरोखर तशी पाळी येत असे. आता कायदा बदललेला आहे आणि प्रत्येक शाखा सचिवाला तो तोंडपाठ हवा.

अपंग व्यक्तींचा १९९५ चा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४७ ने नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढण्यास किंवा त्याचा दर्जा कमी करण्यास मनाई केली. रेल्वेने १९९९ मध्ये त्याप्रमाणे आस्थापना नियमावलीत दुरुस्ती केली. वैद्यकीय श्रेणी उतरलेल्या कर्मचाऱ्याला योग्य पर्यायी जागा मिळेपर्यंत त्याच वेतनश्रेणीत सुपरन्यूमररी पदावर ठेवायचे असते. 'कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार' या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ४७ सक्तीचे आहे असे सांगितले. २०१६ च्या नव्या कायद्यात हेच संरक्षण कलम २०(४) मध्ये आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. मधुमेह किंवा रक्तदाब त्या कायद्याच्या अपंगत्वांच्या यादीत नाही, म्हणून अशा सभासदाने मुख्यतः रेल्वेच्या आस्थापना नियमांवरच बोट ठेवावे. ते नियम कुठल्याही कारणाने श्रेणी उतरलेल्याला लागू होतात.

याहून आम्हाला मोलाचा वाटतो तो ऑगस्ट २०२५ चा निकाल. तेलंगण राज्य परिवहन महामंडळातल्या एका बसचालकाला रंगांधळेपणामुळे वैद्यकीय कारणावरून निवृत्त केले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला योग्य पर्यायी काम द्या असा आदेश दिला. त्यासाठी न्यायालयाने आधार घेतला तो १९७९ मध्ये कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात झालेल्या कराराचा. रंगांधळ्या चालकाला पर्यायी काम देण्याचे त्या करारात लिहिलेले होते. ज्यांनी तो करार घडवला त्यांतले बहुतेकजण केव्हाच निवृत्त झाले असतील. त्यांनी टेबलावर झगडून लिहून घेतलेले एक कलम ४६ वर्षांनी एका कामगाराच्या कामी आले. तोंडी आश्वासनात आणि लेखी करारात काय फरक असतो ते यावरून समजावे.

टपाल खात्याचे वेगळे दुखणे

टपाल खात्यात रेल्वेसारखी श्रेणींची उतरंड नाही, पण अडवणूक आहेच. वैद्यकीय दाखल्यावर रजा घेतली तर १९७२ च्या रजा नियमांप्रमाणे फिटनेसचा दाखला दिल्याशिवाय हजर होता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर हे योग्य आहे. पण ज्याला आयुष्यभर ठरावीक काळाने तपासायला जायचे आहे त्याने दर वेळी दाखल्यासाठी आणखी एक दिवस घालवायचा का? अधिकाऱ्याला दाखल्याचा संशय आला तर सरकारी डॉक्टरचे दुसरे मत मागण्याचा अधिकार नियमाने त्याला आहे. हा अधिकार त्रास देण्यासाठी वापरला जाऊ नये. अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस मिळते. कायमच्या आजाराच्या माणसाला ती जपून वापरावी लागते आणि फुकट गेलेला एक दिवसही त्याला महाग पडतो.

सीजीएचएसच्या लाभार्थ्याला कायमच्या आजाराची औषधे तीन महिन्यांपर्यंत एकदम मिळू शकतात. हे अनेक पोस्टमन बंधूंना माहीत नसते आणि ते दरमहा रांगेत उभे राहतात. आरएमएसच्या रात्रीच्या सेटमध्ये काम करणाऱ्यांची आणि मेल मोटरच्या चालकांची अवस्था रेल्वेच्या रनिंग स्टाफसारखीच आहे. आणि सर्वांत खाली आमचा ग्रामीण डाक सेवक. त्याला ना नियमित कर्मचाऱ्याची रजा, ना सीजीएचएस. सायकलवर थैली घेऊन निघणाऱ्या त्या माणसाला साखर किंवा रक्तदाब असेल तर खाते त्याला काहीच देत नाही. हा अन्याय दूर झाल्याशिवाय टपाल कामगारांच्या आरोग्याच्या गप्पा पोकळ आहेत.

आमच्या मागण्या

बनशंकरीच्या ठरावाच्या आधारे आम्ही पुढील मागण्या मांडत आहोत.

१. कामगाराने स्वतःहून आजार किंवा औषध कळवले तर त्याबद्दल कोणतीही शिक्षा, चार्जशीट किंवा बदली होऊ नये. पूर्वी लपवलेले असेल त्यालाही एक ठरावीक मुदत देऊन नोंद करण्याची संधी द्यावी.

२. उपचार करणारा डॉक्टर आणि फिट-अनफिट ठरवणारा डॉक्टर वेगवेगळे असावेत. ज्याच्याकडे दुखणे सांगायचे त्याच्याच हातात आपली रोजी असेल तर कोण मोकळेपणाने बोलेल?

३. औषध किंवा त्याचा डोस बदलल्यावर काही दिवस गाडीवरून बाजूला ठेवणे जरूर असेल, तर त्या दिवसांचे मायलेज सरासरीने मिळावे.

४. अनफिट ठरवताना कारण लेखी द्यावे. अपिलाच्या मंडळात त्या रोगाचा तज्ज्ञ असावा.

५. पर्यायी जागांची यादी लॉबीत आणि कचेरीत लावावी. क्रू कंट्रोल, प्रशिक्षण, सिम्युलेटर अशा जागी अनुभवी लोको पायलटांना प्राधान्य द्यावे आणि शक्यतो गाव बदलू नये.

६. जेवणाची सवड आणि इंजिनातले शौचालय हे आरोग्याचे प्रश्न म्हणून सोडवावेत. श्वासचाचणीत दोष दिसला तर रक्ततपासणीशिवाय कारवाई नको.

७. टपाल खात्यात नियमित तपासणीच्या एक दिवसाच्या रजेसाठी वेगळ्या फिटनेस दाखल्याची अट शिथिल करावी आणि ग्रामीण डाक सेवकांना वैद्यकीय संरक्षण द्यावे.

आमचे सभासदांना सांगणे

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. काही गोष्टी आपल्या हातात आहेत आणि त्या आजपासून करायच्या आहेत.

डॉक्टरकडे जाताना आपला पंधरा दिवसांचा कॉल आणि ड्यूटीचा तक्ता घेऊन जा. 'माझी सकाळ-संध्याकाळ अशी आहे, गोळी कोणत्या वेळी घेऊ?' असे स्पष्ट विचारा. दिवसातून एकदाच घ्यायचे औषध चालेल का, हेही विचारा. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. सर्दी, खाज, खोकला यांची दुकानातली औषधे विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण त्यांतल्या बऱ्याच औषधांनी झोप येते. ड्यूटीवर निघताना पोटात काहीतरी असू द्या. घाम आणि थरथर सुटली तर तीन चमचे साखर किंवा तेवढेच ग्लुकोज ताबडतोब घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि शेजारच्या सहकाऱ्याला सांगा. हे सामान खिशात असावे, बॉक्सच्या तळाशी नको. इन्सुलिन उन्हात तापलेल्या पेटीत किंवा इंजिनाच्या धगीत ठेवू नका. एका वहीत तारीख, वेळ, साखर, रक्तदाब आणि घेतलेले औषध लिहीत जा. उद्या मंडळापुढे उभे राहण्याची वेळ आली तर ती वही तुमची बाजू मांडेल.

ज्याला गाडी चालवताना खरोखर भोवळ येते, ज्याला सिग्नल धूसर दिसतो, त्याने एक दिवसही थांबू नये. संघटना त्याच्या पाठीशी उभी राहील ती त्याच्या पगारासाठी आणि पर्यायी जागेसाठी, त्याला त्या अवस्थेत गाडीवर ठेवण्यासाठी नाही. हे कोणाला कडू लागेल, पण संघटनेने याबाबत दुटप्पी असता कामा नये. प्रवाशांच्या जिवाची हमी आपण देतो, म्हणूनच आपल्या पोटाची हमी मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

शाखांनी हा ठराव आपापल्या सभेत वाचून मंजूर करावा. रेल्वेच्या शाखांनी तो पीएनएमच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घालावा. टपाल शाखांनी जेसीएममार्फत पाठवावा. प्रत्येक शाखेने एक विश्वासू सभासद नेमावा, ज्याच्याकडे कोणीही येऊन आपले दुखणे सांगू शकेल आणि ते बाहेर जाणार नाही. श्रेणी उतरूनही जागा न मिळालेल्या सभासदांची प्रकरणे तारखांसह आमच्याकडे पाठवावीत. १९७९ च्या त्या करारासारखे एखादे कलम आपणही लिहून घेतले, तर पुढच्या पिढीतल्या कामगारावर गोळी लपवण्याची पाळी येणार नाही.